‘आज काय आलंय?’ : कुलाब्याच्या किनाऱ्यावरील मासळीखरेदी

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मत्स्याहारी गृहस्थास दोन पंचांगे सांभाळावी लागतात. पहिले भिंतीवर टांगलेले असते आणि कोणत्या वारी, कोणत्या तिथीस घरात मासळी शिजावयाची नाही एवढेच बहुधा त्यातून पाहावयाचे असते. दुसरे मात्र समुद्राचे, कोणत्याही छापखान्यातून न निघणारे, आणि कोणत्या दिवशी बंदरात काय उतरेल याचा अदमास देणारे. मौज अशी की, ज्याला हिशेब ठाऊक आहे त्याला हे दुसरे पंचांग पहिल्यातूनच काढता येते. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने हाती लागते: चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, एकादशीस सव्वाआठच्या सुमारास. थळ, वरसोली, साखर, आक्षी येथील वडीलधारी माणसे हा हिशेब बोलता बोलता करतात, आणि अलिबागेतील सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेल्या जुन्या मंडळींपैकी ज्यांना मासळीचा खरा षोक आहे, त्यांनाही तो अवगत असतो.

या हिशेबाचा खरेदीशी संबंध असा. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आगेमागे उधाण असते, पाण्याला विलक्षण ओढ असते. दोन्ही पक्षांतील अष्टमीच्या आसपास भांग लागतो आणि प्रवाह मंदावतो. आता या किनाऱ्यावर जे डोल जाळे शतकानुशतके वापरात आहे, ते मासळीचा पाठलाग करीत नाही. रुंद तोंडाची आणि शेवटाकडे निमुळती होत गेलेली ती जाळ्याची पिशवी खुंटांना अथवा नांगरांना बांधून प्रवाहाच्या तोंडी धरलेली असते, आणि प्रवाह जे आणील ते ती पोटात घेते. म्हणून उधाणाच्या दिवसांत डोल भरून येते, भांगात ती जवळजवळ रिकामी निघते. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा, ढोमा, वाकटी ही या जाळ्याची मुख्य आमदनी. आणि किनाऱ्यापासून फार लांब न जाणारी डोलीची होडी बहुधा त्याच दिवशी परतत असल्यामुळे, तिच्यातील मासळी बर्फाचा स्पर्श होण्यापूर्वीच गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडू शकते. याउलट पापलेट, सुरमई, रावस, हलवा या प्रतिष्ठित जातींच्या शोधार्थ निघालेली मोठी यांत्रिक नौका दूर जाते, कित्येक दिवस दर्यावर राहते, आणि पहिल्या दिवशी धरलेला मासा तिच्या बर्फाच्या खणात शेवटच्या दिवसापर्यंत पडून राहतो. यावरून जे निष्पन्न होते ते शहरी गिऱ्हाइकाच्या समजुतीच्या नेमके उलट आहे. बाजारातील महागडा मासा हाच पुष्कळदा तेथील सर्वांत जुना मासा असतो, आणि ज्या वाट्याकडे हे गिऱ्हाईक ढुंकूनही पाहत नाही, तो सकाळी समुद्रात होता.

या लेखाचा सारा प्रपंच ज्या विधानासाठी मांडला आहे, ते येथेच करून टाकतो: या किनाऱ्यावर उत्तम मासळी, अमुकच जिन्नस पाहिजे असे घरूनच ठरवून येणाऱ्याच्या वाट्यास क्वचित जाते, ‘आज काय आलंय?’ असे विचारणाऱ्याच्या वाट्यास ती नित्य जाते.

उत्तरेस मोरा-करंजापासून दक्षिणेस बाणकोटच्या खाडीपर्यंत पसरलेल्या या किनाऱ्याचे मुख्य दुर्दैव, आणि द्रव्यदृष्ट्या मुख्य सुदैवही, मुंबईचे सान्निध्य हे होय. १९८१ साली जिल्ह्याचे कुलाबा हे नाव जाऊन रायगड हे नाव आले, मुरुड-श्रीवर्धनाकडचा जंजिऱ्याच्या नवाबाचा मुलूख १९४८ मध्ये विलीन झाला, महाल गेले, तालुके आले. परंतु मासळीचा ओघ जो एकदा मुंबईकडे वळला तो वळलाच. १८७५ मध्ये बांधलेली ससून गोदी मुळात कापसासारख्या मालाच्या वाहतुकीसाठी होती. पुढे ती मासळीची झाली, आणि भाऊच्या धक्क्यासह तिने या जिल्ह्यातील बंदरांची निवडक मासळी आपल्याकडे ओढून घेतली. यात जबरदस्ती कोणाची नाही. नाखवाला डिझेल, बर्फ, जाळी आणि खलाशांची उचल यांसाठी हंगामाच्या आरंभी रोकड लागते. ती दलाल पुरवतो. आणि ज्याची उचल घेतली त्याच्याच हाती माल घालावयाचा हा दस्तूर कोणत्याही करारनाम्याविना पाळला जातो. परिणामी, आपल्या खिडकीतून समुद्र दिसत असूनही मोठे पापलेट मात्र मुंबईहून परत आलेले विकत घ्यावे, असा प्रसंग अलिबाग-मुरुडच्या गिऱ्हाइकावर येतो. रेवस, बोडणी, रेवदंडा, कोर्लई, नांदगाव, एकदरा, राजपुरी, दिघी, भरडखोल अशी नावे एकामागून एक घ्यावीत आणि प्रत्येक ठिकाणी तीच तक्रार ऐकावी: ‘चांगलं म्हावरं इथं राहातच नाय.’ तक्रार निराधार नाही, परंतु अर्धीच खरी आहे. जे राहत नाही ते मोठे आणि नावाजलेले. जे राहते ते लहान, बिननावाचे आणि ताजे.

आता प्रत्यक्ष बाजारात उतरू. कोणत्याही लहान बंदरगावातील मासळी बाजार घ्या: सिमेंटचे ओटे, त्यांवर पालथ्या घातलेल्या टोपल्यांवर किंवा थर्मोकोलच्या पेट्यांच्या झाकणांवर लावलेले वाटे, बाजूला पाण्याची बादली, आणि ओट्यामागे पाय दुमडून बसलेली, अंबाड्यात फुलांची वेणी माळलेली कोळीण. एक वयस्क बाई ओट्यापाशी येतात. त्या भाव विचारत नाहीत. पापलेट उचलून त्याच्या कल्ल्याजवळ अंगठा दाबतात आणि थांबतात. पांढरट, दुधासारखे पाणी आले तर मासा ताजा, तांबूस पाणी आले तर शिळा, ही परीक्षा त्यांना कोणी शिकवली हे त्यांनाही सांगता येणार नाही. पाणी कसे आले ते कोळीणही पाहते, बाईही पाहतात, आणि दोघींपैकी कोणीच काही बोलत नाही. मग बाई तो मासा जागेवर ठेवतात. ‘सरंगा नको नेव आज, बर्फातला हाय,’ असे कोळीणच आता कबूल करते. ‘बोंबील ने, आत्ताच होरीतून उतरलंय.’ बोंबलाची परीक्षा आणखी निराळी. तो गुलाबी आणि तुकतुकीत असावा, जबडा लालसर असावा. पांढुरका पडून पिवळटपणाकडे झुकलेला बोंबील कालचा समजावा. त्याच्या देहात पाण्याचा अंश इतका असतो की, हा मासा एक रात्र सुद्धा खोटे बोलू शकत नाही. बाईंनी वाटा घेतला, दोन बोंबील वर मागितले, आणि एक मिळाल्यावर समाधान दाखवले नाही. दाखवणे रिवाजास धरून नसते.

या परीक्षांना शास्त्राचा आधार आहे. जिवंत माशाचे कल्ले रक्ताने लालभडक असतात. मृत्यूनंतर ते विटकरी आणि मग तपकिरी होत जातात. डोळा प्रथम फुगीर व पारदर्शक असतो, नंतर तो आत बसतो व गढूळ होतो. बोटाने दाबलेला खळगा तत्काळ भरून आला तर स्नायूंत अजून ताण आहे असे समजावे. सर्वांत प्रामाणिक साक्ष मात्र वासाची. समुद्रातील माशाच्या देहात ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नावाचे गंधहीन द्रव्य असते. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथाइल अमाइनमध्ये रूपांतर करतात, आणि ज्याला आपण ‘मासळीचा वास’ म्हणतो तो हाच. म्हणजे खरोखर ताज्या समुद्री माशाला तो वास नसतोच. त्याला खाऱ्या पाण्याचा वास असतो. हे अमाइन आम्लात बद्ध होते, आणि आमच्या स्वयंपाकघरांत मासळीला आधी कोकमाचे आगळ, चिंच किंवा लिंबू चोळून ठेवण्याचा जो प्रघात आहे, त्याचे रहस्य येथे आहे. तथापि आगळाने वास जातो, शिळेपण जात नाही. बांगडा आणि कुपा यांच्या बाबतीत तर हा भेद प्रकृतीवर बेततो. मासा वेळीच थंड न केल्यास त्याच्या मांसात जिवाणूंच्या क्रियेने हिस्टामिन साठते, आणि एकदा साठलेले हिस्टामिन तळल्याने वा शिजवल्याने नष्ट होत नाही. ‘आम्हाला बांगडा बाधतो’ असे सांगणाऱ्या आणि अंगावर गांधी उठल्याचे दाखवणाऱ्या अनेकांना वस्तुतः बांगडा बाधलेला नसतो. उन्हात पडून राहिलेला बांगडा बाधलेला असतो.

कोळंबीचे डोके घट्ट असावे व काळे पडलेले नसावे. तिसऱ्या एकमेकींवर आपटल्यावर पोकळ वाजू नयेत. चिंबोरी जिवंत असावी आणि हाताला जड लागावी. अमावास्येच्या सुमारास चिंबोऱ्या भरलेल्या आणि पौर्णिमेस पोकळ असतात, अशी येथील दृढ समजूत आहे, आणि तीवर विसंबून खरेदी करणारी घराणी मी पाहिली आहेत. दुसऱ्या बाजूस विक्रेतीच्याही युक्त्या असतात. मासळीवर वारंवार पाणी मारून तिला झळाळी आणणे हे तर सर्रास. कल्ल्यांना रक्त चोळल्याचा आरोपही कानावर येतो. आणि दाढ्याचे तुकडे रावस म्हणून खपवले जातात ही कुजबुज प्रत्येक बाजारात असते. परंतु हा सारा व्यवहार अनोळखी गिऱ्हाइकाशी. ज्याच्याशी रोजचा संबंध आहे त्याला असे फसवणे कोळिणीस परवडत नाही, कारण ती उद्याही त्याच ओट्यावर बसणार असते.

मासळीची निवड ही या किनाऱ्यावर एकदा वंशाची साक्ष म्हणूनही ग्राह्य धरली गेली, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. नवगाव, अलिबाग, रेवदंडा या टापूत शेकडो वर्षे राहिलेला बेने इस्रायल समाज तेल गाळण्याचा धंदा करी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून त्यास शनिवार तेली म्हणत. त्यांच्या परंपरेत अशी कथा आहे की, डेव्हिड राहाबी नामक परदेशी यहुदी गृहस्थ येथे आला तेव्हा हे लोक खरोखरच आपले धर्मबंधू आहेत किंवा नाहीत याची शहानिशा करण्यासाठी त्याने त्यांच्या स्त्रियांपुढे नाना प्रकारची मासळी ठेवून ती रांधावयास सांगितली. स्त्रियांनी पर आणि खवले असलेली मासळी निवडून घेतली आणि बाकीची बाजूस सारली. यहुदी धर्मशास्त्राचा नियम नेमका तोच आहे. राहाबीची खात्री पटली. हायम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेने इस्रायलांच्या इतिहासात या परंपरेची नोंद आहे. कथेतील काल व तपशील यांविषयी पंडितांत मतभेद असोत. परंतु ज्या बायकांनी ती निवड केली त्यांनी ती काही त्या दिवशी प्रथम केली नसेल. कोळंबी, चिंबोरी, मुशी, शिंगाळा ओलांडून पुढे जाणारी ही गिऱ्हाइके बाजारातील प्रत्येक कोळिणीस ठाऊक असली पाहिजेत. रेवदंड्यास आणि अलिबागेस त्यांची सिनेगॉग आजही उभी आहेत. समाजातील बहुतेक मंडळी मात्र इस्रायलास निघून गेली.

त्यांच्या उल्लेखाने आणखी एक गोष्ट उलगडते. येथील बाजाराचा भाव आवकेवर ठरतो तितकाच वारावर ठरतो. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी या दिवशी हिंदू गिऱ्हाईक आटते. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी ते उसळते. शुक्रवारी मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा या भागातील मुसलमान कुटुंबांचीही खरेदी असते, आणि पूर्वी शब्बाथच्या पूर्वसंध्येची बेने इस्रायल कुटुंबांची खरेदी त्याच दिवशी पडत असली पाहिजे. म्हणजे तीन धर्मांची मागणी एकाच सकाळी एकाच ओट्यावर! समुद्राला वारांचे सोयरसुतक नसल्यामुळे कित्येकदा गुरुवारी उधाणाची भरघोस मासळी येते आणि घेणारे थोडे असतात. ज्याला व्रतवैकल्यांचे बंधन नाही त्याने गुरुवारीच बाजारास जावे, हा सल्ला मला एका कोळिणीनेच दिला होता. तिचे स्वतःचे गुरुवारव्रत मात्र कडकडीत होते.

दारावर टोपली घेऊन येणारी कोळीण ही या व्यवहाराची सर्वांत जुनी शाखा. किनाऱ्याच्या गावांतून पहाटे निघून ती एस.टी.ने किंवा पायी खलाटीतील गावे घेत असे, आणि नगद रकमेऐवजी भात मोजून घेत असे. पोयनाड, नागोठणे येथील आठवडी बाजारांत सुकी मासळी आणि भात यांची अदलाबदल फार काळ चालली. प्रत्येकीची घरे ठरलेली असत आणि त्यांवर सासूनंतर सुनेचा वहिवाटीने हक्क चाले. ही कोळीण गिऱ्हाइकाचे नाव क्वचितच घेते. ती ‘ताई’ किंवा ‘वहिनी’ म्हणते, आणि गिऱ्हाईक तिला ‘मावशी’ म्हणते. कोणाच्या घरी माहेरवाशीण आली आहे, कोणाकडे बाळंतीण आहे, कोणाच्या मुलाला काट्याची मासळी चालत नाही, हा सर्व दप्तरी मजकूर तिच्या ध्यानात असतो, आणि टोपलीतील मासळी ती त्यानुसार मनोमन वाटून ठेवते. बाळंतिणीच्या घरी मुशी जाते, कारण तिने दूध वाढते असा समज आहे. उधारीची नोंद कोठेही होत नाही, परंतु ती बुडाल्याचे फारसे ऐकिवात नाही. सकाळच्या पहिल्या विक्रीस भवानी म्हणतात. त्या वेळी घासाघीस केली तर ‘पयली भवानी हाय, भाव मोडू नको’ एवढ्यावर विषय संपतो, आणि सुज्ञ गिऱ्हाईक त्या घटकेचा मान राखून दुसऱ्या दिवशी त्याचे व्याज वसूल करते.

हा जुना संबंध अलीकडे ज्या कारणाने विरळ होत आहे ते कारण समुद्रातून आलेले नाही, रस्त्यावरून आलेले आहे. मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी वाहून नेणारी रो-रो नौका सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचे उद्घाटन झाले. आणि शुक्रवारी संध्याकाळी कचेरी सुटलेला मुंबईकर रात्रीच्या भोजनास अलिबागेत हजर होऊ लागला. या पाहुण्याला नावे ठेवण्याचे मला प्रयोजन नाही. त्याच्या पैशावर पुष्कळ घरे चालतात. परंतु त्याचे मासळीचे ज्ञान चार नावांपाशी संपते: पापलेट, सुरमई, कोळंबी, आणि फार तर बोंबील. खानावळींच्या फळ्यांवरही याच चार थाळ्या असतात. मग आठवड्याचा शेवट आला की, समुद्रात काय आहे याच्याशी काडीचा संबंध न ठेवता या चार जातींची मागणी चढते, ती भागवण्यासाठी बर्फातला माल मागवला जातो, आणि सोमवारी सकाळी मुंबईस परतताना तोच पाहुणा सांगतो की, अलिबागेस मासळी पूर्वीसारखी ताजी मिळत नाही आणि भाव तर मुंबईहून जास्त. दोन्ही आरोप खरे आहेत. आरोपी कोण, एवढाच प्रश्न. त्याच सकाळी त्याच बाजारात काटी, मोदक, बोय, खवली, मुडदुशी यांचे वाटे पडून होते. आगरी आणि कोळी कुटुंबांतील बायका ते घेऊन गेल्या.

यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत राज्याच्या जलधिक्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, मासेमारीस मनाई असते. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे; बंदीच्या तारखा मागाहून बदलत आल्या, आणि तिचे प्रयोजन प्रजननकाळाचे संरक्षण व पावसाळी समुद्रातील जीवितरक्षण असे दुहेरी आहे. जुन्या लोकांना याची सक्ती वाटत नाही, कारण ते नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण केल्याखेरीज होडी लोटत नसत. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने एक गंमत येथे घडते. बंदी उठते त्याच सुमारास श्रावण लागलेला असतो किंवा लागण्याच्या बेतात असतो, आणि दोन महिन्यांच्या विश्रांतीनंतर आलेली हंगामातील पहिली मासळी ज्या वेळी धक्क्यावर उतरते, त्या वेळी निम्मा गाव ती खात नाही.

मधल्या काळाची तजवीज आगोटीत होते. वैशाखात घरोघर सुके बोंबील, सोडे, सुकट, वाकट्या भरून ठेवतात. बोंबील एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून वलांडीवर वाळत घातलेले असतात, आणि जाणती गृहिणी त्यातून वाकवल्यावर कडकन मोडणारे निवडते. सोड्यांचा रंग नारिंगी असावा, त्यांवर काळा ठिपका नसावा, आणि मूठभर उचलले असता हाताला वाळू लागू नये. सुक्या मासळीची खरेदी अशी सावकाश, बसून, चहा घेत होते. ओल्या मासळीच्या ओट्यावरची घाई तेथे नाही. बंदीकाळातही ज्यांना ओलीच मासळी पाहिजे त्यांच्यासाठी परप्रांतातून बर्फाच्या गाड्या येतात. जुलै २०१८ मध्ये गोव्यात बाहेरून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन, म्हणजे शवे टिकवण्याचे द्रव्य, असल्याच्या संशयाने गदारोळ झाला आणि तेथील सरकारने काही काळ आयातच रोखली, तेव्हापासून रायगडातही अशा गाड्यांकडे संशयाने पाहिले जाते. कोचीनच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने घरच्या घरी परीक्षा घेता येईल अशी कागदी पट्टी तयार केली आहे. ओट्यावर ती वापरणारे गिऱ्हाईक अजून माझ्या पाहण्यात नाही. माशीची साक्ष मात्र सर्रास काढली जाते: ज्या मासळीवर माशी बसत नाही ती घेऊ नये.

एक जात मात्र या सर्व बाजारव्यवस्थेच्या बाहेर आहे, आणि तिच्याविषयी लिहिल्यावाचून रायगडच्या मासळीचा विषय पुरा होऊ शकत नाही. ती म्हणजे जिताडा. अलिबाग आणि पेण तालुक्यांतील खारेपाट ही समुद्राला बांध घालून राखलेली भातजमीन; १९३३ ते १९३९ या काळात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध झालेला चरीचा प्रसिद्ध शेतकरी संप याच मुलखातला. या बांधांच्या उघाड्यांतून खाडीच्या पाण्याबरोबर जिताड्याची पिल्ले आत येतात. शेतकरी ती धरून घरामागच्या गोड्या पाण्याच्या तळ्यात सोडतो, लहान मासळीवर वर्षानुवर्षे पोसतो, आणि शहापूर-धेरंडच्या बाजूस तर असे तळे हे जमिनीइतकेच घराच्या ऐपतीचे प्रमाण असते. निसर्गाने या माशाची आणखी एक खोड अशी केली आहे की, तो प्रथम नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणून फार मोठा जिताडा म्हणून जो मिरवतो तो बहुधा मादीच असतो.

जिताडा ओट्यावर क्वचित येतो. तो घरी जाऊन, ओळखीने, आधी सांगून घ्यावा लागतो. गिऱ्हाईक तळ्याच्या काठावर उभे राहते, धनी जाळे टाकतो, आणि निघालेला मासा लहान असेल तर तो परत सोडून पुन्हा टाकतो. भाव वजनावर ठरतो, पण विकावयाचा की नाही हे माणूस पाहून ठरते. ताजेपणाचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण मासा पिशवीतही उड्या मारीत असतो. या दुर्मीळतेमुळे जिताड्यास एक निराळीच कीर्ती प्राप्त झाली आहे. मामलेदार कचेरीपासून मुंबईच्या सचिवालयापर्यंत अडलेली कामे जिताड्याच्या नजराण्याने सुटतात, ही आख्यायिका या जिल्ह्यात इतकी सर्वमान्य आहे की, मोठा जिताडा घेऊन चाललेल्या माणसाला ‘काय काम काढलंत?’ असे सहज विचारले जाते. आख्यायिकेतील सत्यांश किती याची दर्याफ्त करण्याच्या भरीस मी पडलो नाही. परंतु जो मासा पैसे देऊनही हमखास मिळत नाही त्याचेच नजराण्यात मोल असते, हे उघड आहे.

पापलेटाकडे पुन्हा वळणे भाग आहे, कारण सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने रुपेरी पापलेटास राज्यमासा म्हणून घोषित केले. हा बहुमान त्याच्या विपुलतेमुळे मिळालेला नाही. लहान आसाच्या जाळ्यांनी पिल्लेच उचलली गेल्यामुळे मोठे पापलेट दुर्मीळ होत चालले, अशी तक्रार मच्छीमार संस्थाच कैक वर्षे करीत होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस शासनाने ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. रुपेरी पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर, म्हणजे सव्वापाच इंचांहून किंचित अधिक. त्याहून लहान मासा धरू नये आणि विकू नये असा हुकूम आहे. हुकुमाचा रोख नौकेवर आणि विक्रेत्यावर आहे. घेणाऱ्याला कोणी काही विचारीत नाही.

अशाच एका बाजारात, हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात, एक सुशिक्षित गृहस्थ तळहाताएवढ्याही न भरणाऱ्या पापलेटांच्या वाट्यापुढे उभे राहून कोळिणीला हा कायदा समजावून सांगत होते. राज्यमासा, प्रजनन, पुढची पिढी असे सर्व मुद्दे त्यांनी व्यवस्थित मांडले, आणि आसपासच्या दोन-तीन ओट्यांवरील बायांनीही ते शांतपणे ऐकून घेतले. त्यांचे बोलणे संपल्यावर कोळीण म्हणाली, ‘तुमी घेताव म्हनून आमी आनताव, दादा.’ गृहस्थांनी क्षणभर विचार केला, भाव विचारला, दोन वाटे घेतले, आणि मासळी पिशवीत पडत असताना आणखी एक पापलेट वर मागून घेतले.